क्लॅपच्या आधीचा आवाज

डॉक्युमेंटरीतून पैसा मिळतो का, असं मला लोक विचारतात. मिळतो. मला दोनदा मिळाला. एकदा बराच, एकदा थोडा, आणि दोन्ही वेळा एकाच माणसाच्या जिवावर.

खरं तर हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी माझ्या दाजीकडे पाठवायला हवं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो डायरेक्टर आहे आणि हल्ली याच विषयावर वर्ग घेतो. फी आगाऊ घेतो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, इथे करणार नाही.

मी आवाजवाला. लांब काठीच्या, म्हणजे बूमच्या, टोकाला माईक बांधून, हात वर करून, चित्रात न येण्याची काळजी घेत जो माणूस तासन्‌तास उभा असतो, तो मी. हे काम मला कोणी शिकवलं नाही. रेडिओ दुरुस्त करता करता कान तयार झाला. समोर कोण रडतंय, का रडतंय, याच्याशी माझा संबंध नसतो. शब्द स्वच्छ आला पाहिजे. हुंदक्यात शब्द बुडाला तर मी हात वर करतो आणि त्या माणसाला पुन्हा रडावं लागतं. धंदाच तसा आहे.

पोटासाठी आम्ही लग्नं करायचो, बँकांच्या फिल्मा करायचो, साबण कसा बनतो ते दाखवायचो. त्यातून चार पैसे उरले की दाजी ते स्वतःच्या फिल्ममध्ये घालायचा. तेही पुरले नाहीत की ताईचा पगार घालायचा. ताई शाळेत शिकवायची, संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायची आणि तिच्या शिकवण्यांवर आम्ही जगाचं दुःख टिपत हिंडायचो. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात, पण पीठ तरी आपलं असावं. आमचं तेही नव्हतं.

ही फिल्म एका दगड दळणाऱ्या कारखान्यावर होती. पांढरा दगड येतो, त्याची पिठापेक्षा बारीक भुकटी होते, ती पुढे काचेत जाते, रंगात जाते. उरलेली दळणाऱ्यांच्या छातीत जाते. कारखान्यामागच्या चाळीत पंचेचाळिशीपुढचे पुरुष हाताच्या बोटांवर मोजावेत इतके होते. मालकाने आत शूटिंग करू दिलं, कारण दाजीने त्याला सांगितलं होतं की आम्ही श्रमाच्या सौंदर्यावर फिल्म करतोय. एकोणीस दिवसांची परवानगी मिळाली. बाहेरचं शूटिंग आणि एडिटिंग मिळून सहा वर्षं गेली.

आत आम्हाला मास्तर सापडले. मोठ्या चाळणीवर काम करायचे. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मशीन त्यांनीच शिकवलेलं, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. सडपातळ माणूस, भुवयांवर पांढरी धूळ, आणि बोलणं असं की ऐकतच राहावं. पहिल्या दिवशी माझ्या कानावरचे हेडफोन बघून म्हणाले, "काय कानसेन, आमच्या मशीनचं गाणं ऐकायला आलात का? एकच सूर आहे. बावीस वर्षं ऐकतोय."

दाजीने माझ्याकडे बघितलं. त्याची नजर मला कळते. फिल्म मिळाली होती.

त्यांच्या तोंडावर कापड बांधलेलं होतं. शिवलेला, नाड्या लावलेला फडका. मी हेडफोनमधून ऐकलं तर शब्द दबत होते. मागे चाळणी धडधडतेय आणि पुढे हा माणूस कापडातून बोलतोय. मी हात वर केला.

आता आमच्या कामाची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शॉट घेताना आधी आवाज चालू होतो, मग कॅमेरा. पूर्वी रीळ महाग होतं आणि आवाजाची टेप स्वस्त होती, म्हणून ही पद्धत पडली. रीळ गेलं, पद्धत राहिली. मी "चालू" म्हणतो, मग कॅमेरा चालू होतो, मग क्लॅपची पाटी वाजते आणि तिथून चित्र आणि आवाज एकत्र चालतात. क्लॅपच्या आधी जे काही बोललं जातं त्याला चित्र नसतं. ते फक्त माझ्याकडे असतं. एडिटर ते पहिल्याच दिवशी कापून टाकतो. कचरा म्हणतात त्याला.

संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेलो. एक खोली, दाराशी शिवणयंत्र, त्यावर काकू, मास्तरांची बायको. संमतीपत्र मीच वाचून दाखवलं. चित्र आमचं, आवाज आमचा, कुठेही, कसाही, कायमचा. काकूंनी विचारलं, "कायमचा म्हणजे?" दाजी हसून म्हणाला, "काकू, नुसती रीत आहे. सगळ्यांकडून घेतो." मास्तरांनी सही केली. अक्षर सुंदर होतं.

पुढचे अठरा दिवस मी मास्तरांना काहीच सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. आम्ही दारातून आत आलो की ते स्वतःहून फडका गळ्यात ओढायचे आणि हसायचे. "कानसेन आले, तोंड उघडं करा रे," असं बाकीच्यांना सांगायचे. तेही करायचे. आम्ही सकाळी आठला यायचो आणि चारला जायचो.

फिल्म झाली. गाजली, असं म्हणतात. कुठे कुठे दाखवली. चाळीस खुर्च्यांच्या हॉलमध्ये पंचवीस माणसं यायची, त्यातली सात-आठ आमच्यासारखीच, स्वतःची फिल्म कधी दाखवणार याची वाट बघणारी. दिवे लागले की टाळ्या. कोणीतरी बाई डोळे पुसत विचारायची की आम्ही काय करू शकतो. दाजी म्हणायचा, पाहिलंत हेच खूप आहे. काकू एकदा आल्या होत्या, मास्तरही होते, तेव्हा चालू शकत होते. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. परत जाताना मास्तरांनी मला हळूच विचारलं, "यातून तुम्हाला काही मिळतं का हो?"

"काही नाही, मास्तर."

"मग आपण सारखेच," ते म्हणाले आणि खोकायला लागले.

दीड वर्षाने ते गेले. आम्ही दोघं गेलो होतो. मी माईक नेला नव्हता. दाजीने कॅमेरा नेला होता, पण गाडीतून काढला नाही. या गोष्टीचा त्याला अजून अभिमान आहे.

काकूंनी भरपाईचा दावा लावला. युनियनची एक वकीलबाई होती, तिच्याकडे असे साठ दावे. ते आम्हाला कळलं तेव्हा वाईट वाटलं, बरंही वाटलं. दाजी म्हणाला, आपल्या फिल्मचा उपयोग होईल. उपयोग झाला.

चार महिन्यांनी दाजीकडे कारखान्याचा माणूस आला. इतका गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. त्याचं म्हणणं, कारखान्याला पन्नास वर्षं होतायत, इतिहास जपायचाय, आणि आतलं इतकं सुंदर चित्रीकरण दुसऱ्या कोणाकडेच नाही. फिल्म आणि तिच्यासाठी केलेलं सगळं शूटिंग हवं. चित्र, आवाज, मूळ प्रत, नक्कल, सगळे हक्क. त्याने आकडा सांगितला. ताई आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. तिच्या पाच वर्षांच्या पगाराएवढा आकडा होता.

मी म्हटलं, "दाजी, हे लोक इतिहास जपणारे वाटतात का तुम्हाला?"

"तू आवाज बघ," दाजी म्हणाला. "सहा वर्षं या बाईने घर चालवलंय. तुला काय जातंय? तुझं लग्न नाही, कार्य नाही."

"फिल्म पुन्हा दाखवता येणार नाही."

"कोणाला दाखवायचीय? पंचवीस माणसांना? सगळ्यांनी दोनदोनदा बघितलीय."

कागदावर त्याने सही केली, मीही केली. माझ्याकडे काही नक्कल शिल्लक नाही, आणि सापडली तर घेतलेल्या रकमेच्या दुप्पट परत करीन, असं त्यात होतं. मी वाचलं नाही. दुसऱ्याला कागद वाचून दाखवणारा मी, स्वतःच्या वेळी वाचला नाही. दाजीने मला तीन वर्षांची थकलेली मजुरी एकदम दिली. घराचं कर्ज फिटलं. ताईने शिकवण्या बंद केल्या आणि पहिल्या संध्याकाळी काय करायचं ते न कळून नुसती बाल्कनीत बसून राहिली. मी तिला तसं बसलेलं पाहिलंय. त्या पैशाबद्दल मी काहीही म्हणेन, पण ती संध्याकाळ खोटी नव्हती.

हा झाला पहिला पैसा.

पावणेदोन महिन्यांनी काकूंचा फोन आला.

"भाऊ, तुमची फिल्म कोर्टात लावली होती हो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे फिल्म नव्हे, तुकडे तुकडे. किती छान दिसत होते. बोलत होते, हसत होते. मला तर कुठे बसलेय तेच कळेना." मग म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू का? ते फडकं गळ्यात का हो होतं?"

"काकू..."

"रोज धुऊन द्यायचे मी. माझ्यासमोर बांधून निघायचे. त्यांचा वकील म्हणाला, बघा, आम्ही मास्क दिला होता, यांनी एक दिवस घातला नाही. एकोणीस दिवसांची चित्रं आहेत, एकातही नाही. मी म्हटलं हा मी शिवलाय, तर म्हणतो पुरावा काय. आता मलाच कळेना. म्हणजे माझ्यासमोर बांधायचे आणि तिथे जाऊन काढायचे का? मला वाटतं लाज वाटत असेल. बायकोने शिवलेला म्हणून."

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. दोन वाक्यं होती. मी म्हणालो, "बघतो काकू," आणि फोन ठेवला.

आवाजवाला नक्कल ठेवतो. त्यात धोरण वगैरे काही नसतं, सवय असते. माझ्या कपाटात बुटांच्या खोक्यात जुनी मेमरी कार्डं पडलेली असतात, त्यात पहिल्या दिवसाचं निघालं. मी लावलं. क्लॅपच्या आधी सव्वीस सेकंद होती. धडधड, आणि त्यावर माझा आवाज, मला स्वतःलाच नकोसा वाटणारा:

"मास्तर, ते तोंडावरचं काढा जरा. शब्द दबतायत."

"हे? धूळ जाते हो."

मग दाजी: "दोन मिनिटांचं काम आहे, मास्तर. दोन मिनिटांनी कोणी मरत नाही. चेहरा पण दिसेल."

"बरं, तुम्ही म्हणताय तर. बायकोने शिवलाय, दोन पदरी. कंपनीचा होता तो फाटला, दीड वर्ष झालं, दुसरा देतो देतो म्हणतायत. गळ्यात राहू दे ना?"

"राहू दे, राहू दे. छान दिसतंय."

आणि क्लॅप.

कोर्टाला जे हवं ते सगळं त्यात होतं. मास्क कोणी शिवला, कंपनीने कधीपासून दिला नाही, आणि तो कोणी काढायला लावला. मी स्वतःला एकदा चांगली शिवी घातली आणि रविवारी सकाळी ताईकडे गेलो.

ताई इस्त्री करत होती. दाजी नव्या कॅमेऱ्याची काच पुसत होता.

"दाजी, हे ऐका."

"काय आहे?"

"कारखान्यातला पहिला दिवस. क्लॅपच्या आधीचं."

त्याने काच पुसणं थांबवलं. "ते तुझ्याकडे कसं? सगळं देऊन टाकलं होतं आपण."

"राहिलं."

"राहिलं म्हणजे? छत्री आहे का ती, राहायला?"

त्याने ऐकलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला, सरळ रेषेत, वायर नीट गुंडाळून. "हे कोणाला दाखवलंस?"

"अजून नाही. काकूंच्या वकीलबाईंना देणार आहे. पुढची तारीख एकवीस दिवसांवर आहे."

"दे ना. जरूर दे. दुप्पट भरायचे, माहीत आहे ना? कर्जात गेले ते गेले. उरलेल्यांचा हा कॅमेरा. कुठून आणणार? तुझा बूम विकून? भंगारवाला वर पैसे मागेल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि त्यात पहिला आवाज तुझा आहे. काढा म्हणणारा तू आहेस. मी फक्त चेहरा दिसेल म्हणालो."

"कोणी मरत नाही, असंही म्हणालात."

"म्हणायची पद्धत असते."

ताईने इस्त्रीची वायर काढली. "मला दे," ती म्हणाली.

"तुला काय कळणार त्यातलं?" दाजी.

"मराठी कळतं मला. तेच शिकवते."

तिने हेडफोन उलटा घातला, मी सरळ केला. सव्वीस सेकंद ती भिंतीकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा लावायला सांगितलं. हेडफोन काढला तेव्हा तिच्या कानावरचे केस विस्कटले होते आणि ते तिने नीट केले नाहीत.

"दे त्यांना," ती म्हणाली. "पण मला आठ दिवस दे. पैशांचं काहीतरी बघते. नाहीतर घरावर जप्ती यायची आणि वर आपण सत्यवादी. आठ दिवसांनी तारीख कुठे पळून जात नाही."

"तू वेडी आहेस का?" दाजी म्हणाला.

"सहा वर्षं होते," ताई म्हणाली. "तेव्हा नाही विचारलंत."

मी आठ दिवस दिले. याच्यात चूक काय ते मला आजही कोणी दाखवून द्यावं. समोरची बाई सख्खी बहीण, मागणी रास्त, तारीख लांब. शहाण्यातला शहाणा माणूस हेच करेल. मी तेव्हापासून शहाण्या माणसांपासून लांब राहतो.

आठव्या दिवशी ताईचा फोन आला. शाळेच्या पतपेढीतून कर्ज मंजूर झालं होतं, शिकवण्या सोमवारपासून पुन्हा सुरू करणार होती. "जा," म्हणाली. "घरी मी बघून घेते." दाजी कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "बोलत नाहीये. चार दिवस झाले, फार गोड वागतोय."

ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. आणि मला म्हणे कानसेन.

नवव्या दिवशी दुपारी काकूंकडे गेलो. दार उघडंच होतं. शिवणयंत्र होतं तिथेच होतं. या खोलीचा अर्धं मिनिट नुसता आवाज मी पूर्वी रेकॉर्ड केला होता. आम्ही प्रत्येक खोलीचा करतो, एडिटिंगमध्ये जोडाजोडीला लागतो. तेव्हा सगळ्यांना गप्प बसवलं होतं, पण मास्तरांचा खोकला काही थांबेना, म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहिले होते. आता खोली अगदी स्वच्छ ऐकू येत होती.

"या भाऊ. बरं झालं आलात, मीच कळवणार होते. मिटलं."

"काय मिटलं?"

"दावा. गुरुवारी घरी आले दोघं. एक वकील, एक तो गुळगुळीत. पाकीट दिलं. वर्षभराचं भाडं आणि दवाखान्याची उधारी, एवढं होतं. सही केली मी."

"वकीलबाईंना विचारलंत का?"

"तीनदा फोन लावला, उचलला नाही. आणि काय विचारायचं होतं? चित्रं मी डोळ्यांनी बघितली ना. त्यांनीच घातलं नाही तर मी कशाच्या जोरावर भांडू?" त्यांनी गुडघ्यावरचं कापड सारखं केलं. "लोक बरे होते. फक्त एका ओळीवर अडून बसले. पुढे कधी कसला आवाज-बिवाज निघाला तरी हरकत घेणार नाही, असं लिहून घेतलं. मी म्हटलं मेलेल्या माणसाचा कसला आवाज निघणार? तर म्हणतात, रीत आहे, सगळ्यांकडून घेतो."

सव्वीस सेकंदांचा तो आवाज जगात तीन माणसांनी ऐकला होता. त्यातली एक कर्जाचे फॉर्म भरत होती आणि एक त्यांच्यासमोर बसला होता.

नंतर दाजीला मी विचारलं तेव्हा त्याने नाही म्हटलं नाही. "फोन केला. मग? त्या बाईला वीस वर्षं कोर्टात घासून काय मिळणार होतं? तिला रोख मिळाले, आपले वाचले, त्यांचं तोंड बंद झालं. सगळ्यांचं भलं झालं असं एक काम दाखव मला तू आयुष्यात केलेलं." दाजी आता वर्गात हेच शिकवतो, वेगळ्या शब्दांत. कच्चं शूटिंग कधी टाकू नका, म्हणतो. फिल्म विकली जात नाही, शूटिंग विकलं जातं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी काकूंच्या समोर रेकॉर्डर ठेवला आणि म्हणालो, "काकू, मास्तरांनी फडकं आपणहून काढलं नव्हतं. आम्ही काढायला लावलं. मी लावलं."

त्यांना एकदम कळलं नाही. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. मला काही ऐकू येत नव्हतं, पण सगळं तोंडपाठ होतं. कुठे मी बोललो ते त्यांच्या कपाळावर दिसलं. कुठे दाजी बोलला तेही. मग मास्तर आले असावेत, कारण त्यांचा हात यंत्राच्या चाकावर गेला आणि तिथेच राहिला. संपल्यावर त्यांनी स्वतःच बोटाने खूण केली, परत. तीनदा ऐकलं.

हेडफोन काढून म्हणाल्या, "दोन पदरी म्हणाले. म्हणजे हे आधीचं. तिसरा पदर मी नंतर लावला, पावडर आतून यायला लागली म्हणून. मी म्हणायची, तीन पदरांतून कशी येते?"

मी रेकॉर्डर बंद केला.

"किती दिवस काढायला लावलंत?"

"एकोणीस."

"दोन दोन मिनिटं?"

"नाही काकू. दिवसभर."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं आता मारतील, आणि मारलं तर बरं होईल. त्यांनी मारलं नाही. उठल्या, कपाट उघडलं, कंपनीचं पाकीट काढलं. अजून फुगीरच होतं. परत येऊन बसल्या.

"याचं किती घेता?"

"काय?"

"हे जे आहे त्याचं. ह्यांच्या बोलण्याचं."

"काकू, असं काय बोलता. हे तुमचंच आहे, द्यायलाच आलोय."

"माझं कसं असेल? सही केलीय ना त्यांनी. तुम्हीच वाचून दाखवलंत इथे बसून. चित्र तुमचं, आवाज तुमचा. त्या लोकांना विकलंत तेव्हा तुमचंच होतं ना? मग माझ्या वेळी कसं काय माझं झालं?"

"मी तुमच्याकडून पैसे नाही घेणार."

"घ्या," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पट्टीने कापड मोजताना बोलावं तसं बोलत होत्या. "फुकट आलेलं माणूस घरात घुसून बसतं, भाऊ. उद्या पुन्हा कोणी येईल, चहा पिईल, काकू म्हणेल, आणि म्हणेल तोंडावरचं काढा. मला तुमचे उपकार नकोत आणि तुमचं रडणंही नको. त्यांनी विकत घेतलं, मीही विकत घेते. बोला."

त्यांनी पाकिटातून दोन नोटा काढल्या, क्षणभर विचार केला, तिसरी काढली. तिन्ही माझ्यापुढे यंत्राच्या फळीवर ठेवल्या आणि वर कात्री ठेवली, पंख्याने उडू नयेत म्हणून.

मी रेकॉर्डरमधून कार्ड काढून दिलं. नखाएवढं कार्ड. हे कशात घालून ऐकायचं ते त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. दोऱ्याच्या रिकाम्या डबीत ठेवून झाकण लावलं. मी कात्री उचलली आणि पैसे घेतले.

"पावती द्या," काकू म्हणाल्या.

मापं लिहायची वही त्यांनी उघडून पुढे केली. मी लिहिलं: क्लॅपच्या आधीचा आवाज, सव्वीस सेकंद, विकला. रक्कम पोहोचली. खाली सही केली, तारीख टाकली.

त्यांनी वही स्वतःकडे फिरवून वाचली. एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचली आणि परत माझ्याकडे सरकवली.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या. "कायमचा, असं लिहा."

मी लिहिलं.